जुन्या खेळांची पाठचिकित्सा

जुन्या व्हिडिओ गेमच्या नव्या आवृत्त्या बाजारात येतात तेव्हा त्यांचे परीक्षण कोणी करावयाचे, हा प्रश्न आपल्या समीक्षेने अद्याप मनावर घेतलेला नाही. निन्टेंडोने २०१६ साली आपल्या जुन्या यंत्राची तळहातावर मावेल एवढी प्रतिकृती काढली आणि तीत ३० खेळ भरले. दोन वर्षांनी सोनीनेही प्लेस्टेशनच्या बाबतीत तोच कित्ता गिरविला. चर्चा झाली ती बहुतेक किमतीची आणि खेळांच्या यादीची. पोथीचे वजन करून ग्रंथपरीक्षण उरकावे, त्यातला हा प्रकार!

माझ्या मते हा संपादनाचा प्रांत आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. पुण्याच्या भांडारकर संस्थेत सुखटणकर आणि त्यांच्यामागून आलेल्या पंडितांनी महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ पर्यंत पुरी केली. तीत वगळलेले श्लोकही तळटीपांतून व परिशिष्टांतून छापले, म्हणून संपादकाचा निवाडा वाचकाला तपासता येतो. सोनीच्या आवृत्तीत काही खेळ युरोपीय प्रतीवरून घेतले होते. तिकडचा दूरचित्रवाणी संच सेकंदाला ५० चित्रांचा, अमेरिकेतला ६० चा. साहजिकच अमेरिकन खेळाडूच्या हाती त्याचा ओळखीचा खेळ रेंगाळत आला. पाठ निवडताना कान आणि डोळा वापरला नाही की असे होते.

पण आमच्या पनवेलचा पाठ तर कोणत्याच आवृत्तीत नाही. १९९० नंतरच्या दशकात येथील मुले ज्याला ‘टीव्ही गेम’ म्हणत, ते यंत्र निन्टेंडोच्या १९८३ सालच्या फॅमिकॉमची बेनामी नक्कल असे. ‘कॅसेट’ला फुंकर मारावयाची आणि मारिओला पळवावयाचे! गावातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात अशी पाचसहा यंत्रे उघडून पाहण्याची संधी मला मिळाली. कारागीर पाटी दिव्यासमोर तिरपी धरून भिंगातून तांब्याच्या रेघा तपासतो. कोठे रेघ तुटली आहे, कोठे सोल्डर शेजारच्या रेघेला चिकटले आहे. या पाटीला ‘छापील सर्किट’ म्हणतात ते उगीच नव्हे. हे मुद्रितशोधनच आहे. कारखान्यात हेच काम कॅमेरा करतो आणि मूळ नकाशाशी ताडून चुका दाखवितो. आमच्या पाट्यांचा मूळ नकाशा मात्र कोणापाशी नाही.

पाट्या स्वस्त, तपकिरी, एकाच बाजूने छापलेल्या. जेथे रेघ ओलांडता येत नाही तेथे तारेचा तुकडा पूल म्हणून टाकलेला. मधोमध काळ्या राळेचा थेंब, त्याखाली बिनकवचाची चिप. जुन्या पोथीच्या शेवटी लेखनिक आपले नाव आणि तिथी लिहितो. येथे तेवढीच जागा राळेने बुजविली आहे.

असे असूनही हा पाठ निव्वळ अपभ्रष्ट म्हणून टाकून देणे मला मान्य नाही. अशा अनेक नकली चिपांत स्वरलहरींच्या रुंदीची अदलाबदल झालेली असते. पावाच्या जागी अर्धी, अर्ध्याच्या जागी पाव. स्वर तोच राहतो, नाद बदलतो. त्यात आपला संच ५० चित्रांचा, म्हणून चालही विलंबित. येथे वाढलेल्या पिढीला शुद्ध आवृत्तीतला मारिओ घाईत आणि थोडा परक्या गळ्याने गातो असे वाटते, आणि त्यांचा कान खोटा नाही. (संगीताच्या घराण्यांवरून तावातावाने भांडणाऱ्या समाजाला हे कळण्यास अडचण पडू नये.) फॅमिकॉमच्या गाभ्यात ज्या ६५०२ चिपचे कुळ आहे, तिचे कवच आम्लाने विरघळवून काही अभ्यासकांनी २०१० च्या सुमारास तिचा एकेक पदर छायाचित्रांतून वाचून काढला. मुळासाठी एवढा खटाटोप होतो. नकलेसाठी त्याचा शतांशही पुरेल.

गेल्या पावसाळ्याआधी त्या दुकानातल्या पाट्या भंगारात वजनावर गेल्या. दोन मी मागून घेतल्या. एकीवर थेंब आहे. दुसरीवरच्या चिपा पूर्ण कवचाच्या आहेत आणि भिंगाखाली एकीवर ‘यूए ६५३८’ हा क्रमांक स्पष्ट वाचता येतो. ही तैवानच्या यूएमसी कंपनीने ५० चित्रांच्या संचासाठी काढलेली चित्रचिप.