वाघाच्या अंगावरची लव

भारतातून पाहुणे आले की आपण त्यांना सेंटोसा, झू आणि मुस्तफा अशी ठरलेली फेरी घडवतो. पाहुण्याला चित्रांची थोडीफार आवड असेल तर मात्र मी त्याला विल्यम फार्करच्या संग्रहाबद्दल सांगितल्याशिवाय सोडत नाही. फार्कर हा सिंगापूरचा पहिला रेसिडेंट (१८१९ ते १८२३). त्याआधी मलाक्क्यात असताना त्याने चिनी चित्रकारांकडून या भागातले प्राणी, पक्षी आणि झाडे रंगवून घेतली. त्यातली ४७७ जलरंगचित्रे आज इथल्या नॅशनल म्युझियमकडे आहेत. गोह गिओक खिम यांनी ती लंडनच्या लिलावात विकत घेऊन १९९०च्या दशकात म्युझियमला दिली.

या चित्रांचा आणि संगणकावर केसाळ प्राणी रंगवण्याचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध असा की मी हौसेने टॅब्लेटवर प्राणी रंगवतो, आणि माझे प्राणी नुकत्याच धुऊन वाळत घातलेल्या खेळण्यांसारखे दिसतात. दोष कुठे आहे ते मला या जुन्या चित्रांनी दाखवले.

संगणकावर केस काढणे फार सोपे आहे, हीच खरी अडचण. केसांचा तयार ब्रश मिळतो. एकदा फिरवला की पन्नास केस उमटतात, सगळे सारख्या लांबीचे, सारखेच टोकदार. आमच्या ब्लॉकखाली एक मांजर असते, ते काही असे नाही. नाकाजवळ त्याची लव इतकी आखूड की केस वेगळे दिसतच नाहीत. गालांवर ती लांब होते, पोटाखाली मऊ आणि विरळ. केसांचे पुंजके होतात आणि दोन पुंजक्यांमधल्या फटीत सावली साचते. आपल्याला ‘केस’ दिसतात ते बरेचसे या सावलीमुळे, आणि कडेला, जिथे मागचा उजेड त्यांना पकडतो. मध्यभागी नुसता रंगाचा उतार पुरतो. म्हणून जाणकार आधी अंगाचा गोलवा रंगवतो, मग केसांची दिशा, मग पुंजके. सुटे केस अगदी शेवटी, तेही मोजके.

मलाक्क्याच्या चित्रकारांची रीतही हीच. पातळ रंगाचा थर आणि वर बारीक कुंचल्याच्या रेषा, त्याही हव्या तिथेच. त्यांचे सगळेच निर्दोष आहे असे नाही. मागचे झाड प्राण्याच्या मानाने केवढे असावे, याचा हिशेब त्यांनी अनेकदा ठेवलेला नाही. पण प्राणी त्यांच्या ओळखीचा आहे. फार्करने नोंदवून ठेवले आहे की त्याच्या घरचा टॅपिर पाळीव कुत्र्यासारखा माणसाळला होता आणि पाव-केकच्या आशेने जेवणाच्या टेबलाशी येत असे. अशा घरच्या चित्रकाराला नमुना शोधायला लांब जावे लागले नसणार.

डिसेंबर २०१६ मध्ये टीमलॅब या जपानी गटाने याच संग्रहातली ६९ चित्रे घेऊन म्युझियमच्या काचेच्या घुमटात हलते जंगल उभे केले होते. मुले खूश झाली. मी मात्र हिरमुसलो. प्राणी चालू लागले आणि त्यांची लव हरवली. ती नीट पाहावी तोवर प्राणी पुढे सरकलेला असे.

हालचाल आणि लव एकत्र नांदू शकत नाहीत, असे मात्र नाही. आंग ली यांच्या ‘लाइफ ऑफ पाय’ (२०१२) मधला रिचर्ड पार्कर बहुतांश संगणकावर घडवलेला आहे. त्याच्या अंगावर सुमारे एक कोटी केस आहेत, असे तेव्हा सगळीकडे छापून आले. माझ्या मते वाघ पटतो तो त्या आकड्यामुळे नव्हे. पाऊल टाकताना त्याचे खांद्याचे हाड वर येते, त्यावर कातडे सरकते आणि केस कातड्याच्या मागून जातात. भिजला की लव अंगाला चिकटते आणि एवढा थोरला वाघ एकाएकी हडकुळा दिसतो. त्याची भूक तिथे दिसते. कलाकारांनी खऱ्या वाघांचे चित्रण डोळ्यांपुढे ठेवले होते. काही दृश्यांत तर खरेच वाघ आहेत, आणि ती कोणती हे मला अजून ओळखता आलेले नाही. उलट २०१९च्या ‘द लायन किंग’मध्ये केस कदाचित याहून सरस असतील, पण सिंह बाप मुलाशी बोलत असताना त्याचा चेहरा दगडासारखा. आणि आता तर एक वाक्य टाइप केले की यंत्र केसाळ वाघ काढून देते. त्यात केस भरपूर असतात. खाली हाड आहे की नाही, हे मी आधी पाहतो.

रिचर्ड पार्कर घडवणाऱ्या ‘रिदम अँड ह्यूज’ या अमेरिकन कंपनीचे स्टुडिओ मुंबई आणि हैदराबादलाही होते, आणि तिथल्या मुलामुलींचे हात या चित्रपटाला लागले. फेब्रुवारी २०१३ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि त्याच महिन्यात या कामाला ऑस्कर मिळाले. मलाक्क्याच्या त्या चिनी चित्रकारांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत. मुंबईकरांची निदान शेवटी पडद्यावर येतात. पण पार्किंगचे पैसे वाढतील म्हणून मी त्या दिवशी आधीच उठलो होतो.