पदे खरी, वाक्य खोटे

विश्वप्रदर्शनांचा इतिहास मोठा आहे. आज आपण १८५१ च्या लंडनपुरतेच बोलू. हाइड पार्कात जोसेफ पॅक्स्टनने लोखंड-काचेचा महाल उभारला, साडेपाच महिन्यांत तिथे ६० लाखांवर भेटी झाल्या. हेतू सांगितला तो राष्ट्रांच्या सख्याचा, उद्योगाच्या प्रगतीचा. तो निव्वळ ढोंग होता, असं आपण म्हणणार नाही. ठरावीक दिवशी एका शिलिंगात कामगारही आत जाऊ शकला, ही लहान गोष्ट नव्हे.

पण मांडणी बघा. वस्तूंवर किंमत लावायला मनाई होती. किंमतच नाही म्हटल्यावर मजुरीचा प्रश्न निघणार कुठून? ढाक्याची मलमल दिसते, विणकर दिसत नाही. कोहिनूर दोनच वर्षांपूर्वी पंजाब खालसा करताना घेतलेला. बघणाऱ्यांची तक्रार काय, तर तो पुरेसा चमकत नाही! पुढच्याच वर्षी त्याला नव्याने पैलू पाडले.

आणखी एक गंमत. हिंदुस्थानी हौदा ठेवायला हत्ती हवा होता. एसेक्समधल्या एका संग्रहालयातून पेंढा भरलेला हत्ती आणला, तो निघाला आफ्रिकेचा. हत्ती खरा, हौदाही खरा. पदे सगळी खरी, वाक्य तेवढं खोटं. आपली टीका आहे ती इथे.

मग अशा ठिकाणी जायचंच नाही का? जरूर जावं. परवा २०२५ मध्ये ओसाकालाही प्रदर्शन भरलंच की. फक्त प्रत्येक दालनात आपण विचारावं : हे कुणी मांडलं, कशाशेजारी मांडलं, आणि दाराबाहेर काय ठेवलं?