आदर्श वायूचे समीकरण आणि उदाहरणांतील उणीव

दाब व घनफळ यांचा गुणाकार मोलसंख्या, वायुस्थिरांक व निरपेक्ष तापमान यांच्या गुणाकाराइतका असतो, हे समीकरण रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यास प्रारंभीच भेटते. बॉइल (१६६२) व आव्होगाड्रो (१८११) यांच्या नियमांचे सार त्यात एकवटले आहे. तथापि त्यावर रचलेली क्रमिक पुस्तकांतील उदाहरणे पाहिली असता एक उणीव प्रकर्षाने जाणवते. तीन राशी दिलेल्या असतात, चौथी काढावयाची असते. प्रस्तुत स्थितीत समीकरण लागू पडते काय, हा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही.

एक मोल कार्बन डायऑक्साइड ४०° सेल्सियस तापमानास एक लिटरच्या पात्रात कोंडला आहे असे समजावे. आदर्श समीकरणाने दाब २५.७ अ‍ॅटमॉस्फिअर येतो. व्हॅन डर वाल्सच्या १८७३ मधील समीकरणाने तो २३.२ भरतो. रेणूंच्या परस्पर आकर्षणामुळे भिंतीवरील आघात मंदावतो, याची दखल पहिल्या समीकरणात नाही. गणित बिनचूक, पण उत्तर सुमारे एक-दशांशाने चुकीचे, अशी ही अवस्था आहे. दशांश स्थळे वाढवून ती पालटत नाही.

याचा दोष समीकरणाला देणे अन्यायाचे होईल. ०° सेल्सियस व एक अ‍ॅटमॉस्फिअर दाबास याच वायूच्या बाबतीत घनफळातील तफावत एक टक्क्याहूनही कमी असते. शिवाय तफावत म्हणजे प्रत्येक वेळी समीकरणाचे अपयशही नव्हे. नवसागराच्या वाफेच्या घनतेवरून काढलेला रेणुभार सूत्रानुसार येणाऱ्या ५३.५ च्या जवळजवळ निम्मा येई, आणि त्यामुळे आव्होगाड्रोच्या नियमावरच आक्षेप घेतले गेले. १८६२ मध्ये पेबाल याने विसरणाच्या प्रयोगाने दाखविले की, ही वाफ अमोनिया व हायड्रोजन क्लोराइड यांत विभागलेली असते. समीकरण खरे होते. मोलसंख्येचे गृहीतक तेवढे खोटे होते.

तफावत एकाच प्रकारची दिसली, तरी तिची कारणे भिन्न असतात. त्यांचा विवेक करणे हेच रसायनशास्त्र होय. म्हणून उदाहरणासोबत प्रयोगाने मिळालेले मूल्यही द्यावे आणि अंतराचे कारण विचारावे. एरवी विद्यार्थी आकडेमोडीत पारंगत होईल, पण वायूविषयी त्याला काही कळले असे म्हणता येणार नाही.