घर, कार्यशाला आणि खरेदीखत

कलावंताचे जुने घर विकले जाते तेव्हा नेमके काय विकले जाते, हा प्रश्न कलासमीक्षेचा आहे असे आपल्याकडे सहसा कोणी मानीत नाही. तो वारसांचा, फार तर हळहळणाऱ्या चाहत्यांचा प्रश्न समजला जातो. नांदगावसारख्या कोकणातल्या गावी घर विकायचे झाले तर खरेदीखतात जमिनीचे क्षेत्र येते, चतुःसीमा येतात, चिऱ्याच्या भिंती, विहीर, माड, आंबा, फणस येतात. मागल्या पडवीत कोणी तीस वर्षे चित्रे काढली असतील, तरी तिची नोंद पडवी म्हणूनच होते. यात खरेदीखताचा दोष नाही. पडवीचा आणि चित्राचा संबंध काय, हे सांगणे दस्तलेखकाचे काम नव्हे. ते समीक्षकाचे आहे.

हा संबंध सर्वत्र सारखा नसतो, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. सय्यद हैदर रझा १९५० साली फ्रान्सला गेले. पुढे दक्षिण फ्रान्समधील गोर्बिओ या डोंगरी खेड्यात त्यांनी आणि त्यांच्या चित्रकार पत्नी जानीन मोंजिला यांनी घर केले, कार्यशाला थाटली. फ्रान्समधली साठ वर्षे संपवून २०१० च्या अखेरीस रझा भारतात परतले आणि २०१६ साली दिल्लीत निवर्तले. गोर्बिओ सुटले म्हणून त्यांच्या चित्रांचे काही अडले काय? अडले नाही, असेच म्हणावे लागते. त्यांचा बिंदू मध्य प्रदेशातल्या बालपणातून आला होता; तो फ्रान्समधल्या खेड्यात रंगला, तसाच दिल्लीतही रंगत राहिला. तो प्रदेश रझांनी स्वतःबरोबर वागवला होता.

आपल्या सिंधुदुर्गातली पिंगुळीची चित्रकथी तर मुळातच फिरस्ती कला. एकेका कथेच्या चित्रांची पोथी बांधायची आणि गावोगाव कथा गात हिंडायचे, अशी ठाकर समाजाची ही परंपरा. २०२१ साली ज्यांना पद्मश्री मिळाली त्या परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्याचेच संग्रहालय केले. ही कामगिरी मोठीच आहे. परंतु तो गोठा चित्रांना आसरा देतो, अर्थ देत नाही. त्यांचा अर्थ पुरा होतो तो गाणाऱ्याच्या गळ्यात.

याच्या नेमके उलट टोक म्हणजे शिल्पकार ब्रांकुशी. पॅरिसमधली आपली कार्यशाला त्याने १९५६ साली फ्रेंच सरकारला देऊ केली, ती जशी आहे तशीच पुन्हा उभारण्याच्या अटीवर. एका शिल्पाशेजारी दुसरे कुठे असावे, त्यांच्यातले अंतर किती असावे, ही मांडणीसुद्धा त्याच्या लेखी कलाकृतीच होती. तिथली वस्तू उचलणे म्हणजे कवितेतली ओळ खोडण्यासारखे होते.

या दोन टोकांच्या मध्ये अलिबाग तालुक्यातल्या सासवन्याचे एक घर उभे आहे, आणि मराठी वाचकाने विचार करायचा तो त्याचा. ते शिल्पकार विनायक पांडुरंग ऊर्फ नानासाहेब करमरकर (१८९१–१९६७) यांचे. गावातल्या राममंदिराच्या भिंतीवर या मुलाने काढलेले शिवाजी महाराजांचे चित्र कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या दृष्टीस पडले आणि त्याची वाट जे. जे. कलाशाळेकडे वळली. पुढे कलकत्ता झाले, लंडन झाले. पुण्याच्या श्रीशिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलमधल्या, १९२८ सालच्या अश्वारूढ शिवाजीने त्यांचे नाव सर्वतोमुखी केले.

परंतु त्या अश्वारूढ पुतळ्यावरून करमरकर पुरते कळत नाहीत. ती मागणीची कामगिरी होती, आणि मागणीच्या कामात आश्रयदात्याची इच्छा, चौथऱ्याची उंची, लोकांची भक्ती यांचाही हात असतो. सासवन्याच्या अंगणातली कोळीण किंवा म्हैस कोणी मागितलेली नव्हती. इथे माध्यमाकडेही पाहिले पाहिजे. ब्रॉंझचे ओतकाम खर्चाचे; त्याला राजा लागतो, नाही तर समिती लागते. सिमेंट काँक्रीटला दोघांचीही गरज नाही. घरबांधणीचे हे साहित्य करमरकरांनी शिल्पासाठी वापरले, आणि त्याबरोबरच विषयही सिंहासनावरून उतरून अंगणात आला. माध्यम, विषय आणि जागा या तीन गोष्टी येथे एकाच निर्णयाच्या तीन बाजू आहेत. ही म्हैस शहरातल्या दालनात, गुळगुळीत फरशीवर ठेवली तर ती कौशल्याचा एक नमुना होईल. अंगणात ती गावाची रहिवासी आहे.

याचा अर्थ सासवन्यातले सगळेच थोर आहे असा नव्हे. हुबेहूबपणाचा मोह करमरकरांना अनेकदा आवरत नाही. काही शिल्पांत घाटापेक्षा गोडवाच वरचढ ठरतो, आणि घराची माया आपली नजर मऊ करते. समीक्षकाने या मायेपासून सावध राहिलेच पाहिजे. पण सावध राहण्यासाठीसुद्धा ती शिल्पे त्या जागी पाहायला मिळाली पाहिजेत. कोणते शिल्प स्वतःच्या बळावर उभे आहे आणि कोणते अंगणाच्या आधाराने, हा निवाडा अंगण मोडल्यावर करता येत नाही.

करमरकरांच्या कुटुंबीयांनी ते घर विकले नाही. त्याचे संग्रहालय केले. या निर्णयाची किंमत मांडव्याच्या धक्क्यावर उतरल्यावर कळते. २०२० साली भाऊच्या धक्क्यावरून मोटारींसह माणसे नेणारी बोट सुरू झाली. धनिकांचे बंगले त्याआधीपासूनच उठत होते. अशा किनाऱ्यावर समुद्राजवळची वाडी राखून ठेवणे म्हणजे काय, ते हिशेब जाणणाऱ्याला सांगावे लागत नाही.

प्रत्येक कलावंताच्या घराचे संग्रहालय व्हावे, अशी मागणी मात्र कोणी करू नये. वारसांनाही संसार असतात, आणि कौले दर पावसाळ्याआधी परतावीच लागतात. ज्याची कला घराबाहेर पडूनही जगते, त्याचे घर खुशाल विकले जावे. पण ज्याची कला घरातच रुजलेली आहे, तिथे खरेदीखतावर सही होण्यापूर्वी कोणीतरी जाऊन पाहिले पाहिजे, खिडकीची दिशा टिपली पाहिजे, वस्तूंमधली अंतरे मोजली पाहिजेत, छायाचित्रे घेतली पाहिजेत. हे काम फारसे खर्चाचे नाही. ते करायला समीक्षकाने दिवाणखाना सोडून पडवीत गेले, म्हणजे पुरे.