वेताळाच्या लग्नातले वऱ्हाडी आणि गुहेतली मुले

इंद्रजाल कॉमिक्सवर मराठीत लिहिले जाते ते बहुधा आठवणींच्या अंगाने. टाइम्स ऑफ इंडियाची ही मालिका मार्च १९६४ मध्ये सुरू झाली, १९९० पर्यंत चालली आणि तिचे आठशेवर अंक निघाले. आठवणींचा आदर ठेवूनही त्यातल्या एका कथेकडे मला समीक्षेच्या नजरेने पाहायचे आहे. ही कथा वेताळ आणि डायना यांच्या विवाहाची. मूळ वृत्तपत्री चित्रमालिकेत हे लग्न १९७७ च्या अखेरीस लागले. लेखक ली फॉक, चित्रकार साय बॅरी.

या लग्नाला जादूगार मँड्रेक आणि लोथार हजर आहेत. मँड्रेक (१९३४) आणि वेताळ (१९३६) ही दोन्ही फॉक यांचीच अपत्ये, तेव्हा हे घरचेच कार्य. अमेरिकन सुपरहिरोंच्या कॉमिक्समध्ये पाहुणा नायक आला की आधी गैरसमजातून मारामारी आणि मग दोस्ती, असा ठरलेला रिवाज असतो. फॉक यांचा मँड्रेक मात्र इथे लढायला आलेला नाही. तो वऱ्हाडी आहे, म्हणजेच साक्षीदार.

पण साक्ष कशाची? माझ्या मते वंशाची. पहिल्या वेताळाने १५३६ मध्ये आपल्या पित्याच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतली. ती बापाकडून मुलाकडे येत आपला वेताळ एकविसावा ठरला. लग्न झाले नाही तर ‘अमर’ वेताळ मरणार, ही या कथेमागची खरी चिंता आहे. १९७९ मध्ये किट आणि हेलॉइज ही जुळी झाली आणि ती चिंता मिटली. गंमत अशी की, मराठीत या नायकाला ज्याचे नाव मिळाले तो आपला वेताळ गावकुसाबाहेरचा भुतांचा राजा. त्याला कसली आली वंशावळ? नाव आपल्या लोकदेवतेचे आणि गोष्ट मात्र घराण्याची.

याच कवटीच्या गुहेत रेक्स आणि टॉम ही दोन मुले वाढतात. वेताळाने सांभाळलेली, धाडसी, वाचकांच्याच वयाची. घोडा, लांडगा, गुहा सगळे त्यांना मिळते, पण शपथ मिळत नाही. रेक्स तर पुढे राजपुत्रच निघतो, म्हणजे पोरक्या मुलाचे मोल सिद्ध करायलाही पुन्हा राजरक्तच लागले. आणि ज्यांचे ते जंगल, त्या बांदारांची मुले? ती चौकटीच्या कडेला उभी असतात. त्यांचा नायक गुर्रन वेताळाचा बालमित्र खरा, पण तो कायम सोबतीच राहतो.

इंद्रजालच्या संपादकांनी बंगालशी घोटाळा नको म्हणून ‘बंगाला’ या देशाचे ‘डेंकाली’ केले. नावाबाबत इतकी दक्षता होती, पण जंगलातली मानाची उतरंड जशीच्या तशी मराठीत आली.

त्याच काळात भा. रा. भागवतांचा बनेश फेणे मराठीत धावत होता. फुरसुंगीचा हा किडकिडीत पोरगा शाळेसाठी पुण्याला येतो. त्याच्यामागे शपथ नाही, घराणे नाही. आहे ती सायकल, चौकसपणा आणि ‘ट्टॉक्’. त्याचे शौर्य त्याला वारशाने मिळालेले नाही. बालनायकाच्या बाबतीत भागवत फॉक यांच्या पुढे होते, असे मला ठामपणे वाटते.

परतवाड्यात राहून हा भेद अधिक टोचतो. इथून चिखलदऱ्याकडे निघालेला रस्ता मेळघाटात शिरतो. १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा पहिल्या नऊ राखीव क्षेत्रांत मेळघाट होते. जंगल म्हटले की आपल्याला वाघ आठवतो, नाहीतर बाहेरून आलेला रक्षक. ज्याचे घर त्या जंगलात आहे, ते कोरकू मूल आपल्या साहसकथेत क्वचितच नायक होते. ही सवय एकट्या वेताळाने लावली असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण सव्वीस वर्षे, इतक्या देखण्या रंगांत, ती आपल्या अंगवळणी पडत गेली हे खरे.

म्हणून हे अंक फेकू नयेत. पुन्हा वाचावेत, मुलांनाही द्यावेत. फक्त लग्नाच्या चित्रात मानाच्या पाहुण्यांवरून नजर काढून कडेला उभ्या असलेल्या मुलांकडे पाहावे. त्यांची गोष्ट अजून कोणी लिहायची आहे.