वामनदादा दानशूर नव्हते

वामनदादा कर्डकांवर बोलायला कुणी उभं राहिलं की दोन शब्द हमखास येतात. फकीर आणि दानशूर. दादांनी गाणी वाटली, पैशाकडं पाहिलं नाही, गावोगाव फिरले, असं सांगायचं आणि टाळ्या घ्यायच्या. माझा या दोन्ही शब्दांना विरोध आहे. दादांच्या मोठेपणाबद्दल वाद नाही. वाद आहे तो या शब्दांच्या जातीबद्दल.

दान हा वरून खाली पडणारा शब्द. देणारा ओट्यावर, घेणारा अंगणाबाहेर. आमच्या आज्या-पणज्यांनी हा शब्द शिळ्या भाकरीच्या रूपानं पदरात झेललाय. म्हणून तो आपल्या माणसाला चिकटवताना दहादा इचार करावा. कुणी म्हणेल, धम्मातही दान आहे. आहे ना. पण दानपारमितेत देणारा मालकीच सोडतो, घेणाऱ्याची मान खाली जात नाही. व्यासपीठावरचे आपले वक्ते हे दान सांगत नसतात. ते कर्णाची पोथी दादांच्या नावानं वाचत असतात.

दादांचं जगणं बघा. जन्म १५ ऑगस्ट १९२२, गाव सिन्नर तालुक्यातलं देशवंडी. मुंबईत आले, मिळेल ते काम केलं, चिक्कीसुद्धा विकली. अक्षरं शिकले ती मोठेपणी, समता सैनिक दलाच्या माणसांत. पहिलं गाणं ३ मे १९४३ चं. पहिला संग्रह ‘वाटचाल’ निघाला १९७३ ला. मधली तीस वर्षं बोटावर मोजा. तीस वर्षं हा कवी पुस्तकाशिवाय होता, पण माणसांशिवाय नव्हता. जयंती, लग्न, बारसं, सभा, हीच त्याची पानं. पुढं ‘मोहळ’ आलं १९७६ ला आणि ‘हे गीत वामनाचे’ १९७७ ला. तोवर गाणी वस्त्यांत पाठ होऊन बसली होती. आणि आपल्यातलेच काही शहाणे दलित कवितेचा इतिहास छापील अनियतकालिकांपासून सुरू करतात! त्यांना विचारा, तुमच्या आईला कुणाची कविता पाठ आहे?

आता मुद्द्याचं. टाटा-बिर्लांना नावानिशी उभं करून आमचा वाटा कुठाय असं विचारणारं गाणं दादांचंच. ते दानशुराचं गाणं आहे काय? दानशूर असलं विचारत नाही. हे विचारतो तो हिस्सेदार. ‘वाटा’ हा भावकीतला शब्द आहे. शेत वाटताना, खळ्यावर रास मोजताना वापरायचा. दादांनी तो उचलून भांडवलदारांच्या नावांशी यमकात बसवला. यमक जुळलं आणि आरोपही जुळला. पोराटोरांना हसू येतं, म्हाताऱ्याला हिशेब कळतो. अर्थशास्त्राचं एक जाड पुस्तक दादांनी ढोलकीच्या दोन थापांत आणलं. ही कारागिरी आहे, नुसता कळवळा नाही.

मी गिरणीत काम करतो म्हणून मला हा फरक लवकर कळतो. दिवाळीला बोनस देताना मालक मिठाईचा पुडा हातात देऊन फोटो काढून घेतो. बोनस कायद्यानं आमचा, घाम आमचा, पण फोटोत ते दान दिसतं. दादांच्या गाण्याला ‘दान’ म्हणणं हा तसलाच फोटो आहे.

दादा आपल्या लोकांनाही सोडत नाहीत. भीमाच्या मताची मोजकी पाच माणसं जरी खरी निघाली असती तर काय झालं असतं, असं विचारणारं त्यांचं गाणं घ्या. जयंतीच्या मंडपात ते गाणं वाजतं आणि पुढारी मान डोलवतात. गाणं त्यांच्याच कानाखाली वाजतंय हे त्यांना कळत नाही. लोकांना खूश ठेवून बिदागी घेणारा कवी असलं लिहीत नाही.

सगळीच गाणी या उंचीची नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. प्रसंगाला, चालीला भरलेली बरीच गाणी नुसत्या गौरवावर थांबतात. ‘भीम’ हा शब्द आला की टाळी येते, आणि टाळी आली की कवी थोडा सैल होतो. रोज गाणाऱ्या माणसाचं असं होणारच. पण जिथं सवाल आहे तिथं दादा कडक आहेत, आणि त्यांचं मोजमाप तिथंच व्हावं.

राहिली गोष्ट नावाची. शेवटच्या अंतऱ्यात दादा ‘वामन’ अशी सही करतात. संतांची ती जुनी रीत. पण ज्याच्याकडं छापखाना नाही, करारपत्र नाही, त्याच्यासाठी ही सही म्हणजे सातबारा. गायक लोक वेळ नाही म्हणून नेमका तोच अंतरा गाळतात. कॅसेटवर गायकाचा फोटो मोठा असायचा, आज फोनवरही तसंच, आणि कवीचं नाव शोधावं लागतं. मग आपण म्हणतो, दादांनी गाणी दान केली! अरे, जे आपण नाव न घेता उचललं त्याला दान म्हणून मोकळं होणं ही आपली चलाखी आहे.

दादा १५ मे २००४ ला गेले. त्यांनी समाजाला जे दिलं ते भीक नव्हे आणि उपकारही नव्हे. ज्या चळवळीनं हातात अक्षर दिलं तिचं ऋण त्यांनी गाऊन फेडलं. आता आपल्याकडं बाकी आहे ती बाकी मोजू. गाण्याआधी कवीचं नाव माईकवर घ्या. शेवटचा अंतरा गाळू नका. आणि आज जो पोरगा ढोलकी घेऊन तुमच्या वस्तीत येतोय त्याला फकीर म्हणून हार घालू नका. त्याचं मानधन आणि परतीचं भाडं रात्रीच हातावर ठेवा.