साधन, सवय आणि ज्ञान : परक्या कार्यप्रणालीविषयीच्या वृत्तीची चिकित्सा

प्रोग्राम लिहिणाऱ्या माणसास त्याच्या नित्याच्या कार्यप्रणालीवरून उचलून दुसऱ्या प्रणालीवर बसविले, म्हणजे त्याची पहिली तक्रार त्या प्रणालीच्या अंतरंगाविषयी क्वचितच असते. ‘माझे साधन येथे पूर्वीसारखे चालत नाही’ हे त्याचे पहिले गाऱ्हाणे असते. ‘साधन’ म्हणजे प्रोग्राम लिहिणे, तो यंत्रभाषेत उतरविणे, चालविणे व त्यातील दोष हुडकणे हा सर्व संसार एकाच पडद्यावर मांडून देणारी सोय. विद्यार्थी तिला सरसकट ‘आयडीई’ म्हणतात. या तक्रारीची दोन स्पष्टीकरणे नेहमी पुढे केली जातात. एका पक्षाच्या मते ती निव्वळ आळसाची खूण होय, तर दुसऱ्या पक्षाच्या मते नवी प्रणालीच गैरसोयीची असते. प्रस्तुत लेखकास ही दोन्ही स्पष्टीकरणे अपुरी वाटतात. या वृत्तीचे मूळ शिक्षणात आहे, स्वभावात नव्हे, असे येथे दाखवावयाचे आहे.

त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. रत्नागिरी जिल्हा मुंबई विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात मोडतो. दापोली तालुक्यातील मुरुडसारख्या गावातून दापोलीस, रत्नागिरीस किंवा मुंबईस शिकावयास जाणारा विद्यार्थी डोळ्यांपुढे आणावा. २०१० नंतरच्या दशकातही भारतातील अनेक महाविद्यालयांत सी व सी++ या भाषांची ओळख ज्या साधनाने होत असे, ते म्हणजे बोर्लंड या अमेरिकन कंपनीचे टर्बो सी++. टर्बो सी १९८७ मध्ये निघाले आणि टर्बो सी++ १९९० मध्ये. डॉस या कार्यप्रणालीसाठी केलेले हे साधन आपल्या काळात खरोखरच उत्कृष्ट होते, हे आधी मान्य केले पाहिजे. लहानशा यंत्रावर, अत्यल्प स्मृतीत, निळ्या पडद्याच्या एकाच चौकटीत लेखन, भाषांतर, दोषशोधन आणि मदतीची पाने अशी सर्व सामग्री त्याने दिली. कंट्रोल-एफ९ दाबावे आणि प्रोग्राम चालावा, एवढी सुटसुटीत सोय त्यापूर्वी फार थोड्यांच्या वाट्यास आली होती. ज्या प्रयोगशाळांत जुनी यंत्रे होती व शिक्षकांची संख्या बेताची होती, तेथे हे साधन रुजले यात नवल नाही.

नवल पुढे आहे. ६४-बिटी विंडोज प्रणालीवर १६-बिटी प्रोग्राम चालत नाहीत. म्हणजे टर्बो सी++ ज्या जमिनीवर उभे होते ती जमीनच नव्या यंत्रांतून नाहीशी झाली. यावर उपाय काढण्यात आला तो डॉसबॉक्सचा. २००२ मध्ये निघालेले हे सॉफ्टवेअर मुळात जुने खेळ खेळता यावेत म्हणून रचले होते. ते नव्या यंत्राच्या पोटात एका जुन्या यंत्राचे सोंग उभे करते. त्या सोंगात टर्बो सी++ चालवावयाचे, तर आरंभी ‘माउंट’ची आज्ञा टंकून एक कप्पा जोडावा लागे. पुढे हा सगळा प्रकार एका क्लिकवर बसवून देणारे गठ्ठे निघाले. लिनक्सवर आज्ञा टंकाव्या लागतात म्हणून नाक मुरडणारा विद्यार्थी डॉसबॉक्समध्ये मात्र बिनतक्रार आज्ञा टंकत होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे. तेव्हा भय आज्ञांचे नव्हते. त्या आज्ञांच्या पलीकडे ओळखीचा निळा पडदा होता, लिनक्समध्ये तो नव्हता, एवढाच काय तो भेद. किंबहुना आपण एका परक्या प्रणालीवर अगोदरच बसलो आहोत हेच त्याला उमगलेले नव्हते.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रोग्रामकडे पाहू. त्यात आरंभी पडदा पुसण्यासाठी ‘क्लरस्क्र’ आणि शेवटी ‘गेटच’ हे दोन शब्द हमखास आढळतात. यांपैकी ‘गेटच’ का लिहावयाचा? टर्बो सी++च्या चौकटीतून चालविलेला प्रोग्राम संपताक्षणी निळा पडदा परत येतो आणि उत्तर दिसेनासे होते. ते पाहावयास मिळावे म्हणून शेवटी एखादी कळ दाबली जाईपर्यंत प्रोग्रामास थांबवून धरावयाचे. म्हणजे ही साधनाच्या एका गैरसोयीवरची मलमपट्टी झाली. (ऑल्ट-एफ५ दाबूनही उत्तर पाहता येत असे, पण ते फारसे कोणी सांगत नसे.) वर्गात मात्र हा शब्द भाषेच्या व्याकरणाचा भाग म्हणून शिकविला गेला. हीच गत ‘व्हॉइड मेन’ची. मुख्य फलन पूर्णांक परत देते, असे १९८९ चे सी भाषेचे आणि १९९८ चे सी++चे प्रमाणपत्रक सांगते. टर्बो सी++ ‘व्हॉइड’ही खपवून घेई, आणि जे खपले ते पाठ्य झाले.

असा प्रोग्राम लिनक्सवरील जीसीसी या कंपायलरपुढे ठेवला की तो पहिल्याच फटक्यास ‘कोनिओ.एच ही फाइल नाही’ असे सांगून थांबतो. यावरून विद्यार्थी ‘लिनक्सवर सी नीट चालत नाही’ असा निष्कर्ष काढतो. या निष्कर्षाइतके उलटे विधान दुसरे सापडणे कठीण. सी भाषा बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी घडविली ती युनिक्सच्या अंगणातच. १९७३ मध्ये युनिक्सचा गाभा सी भाषेत पुन्हा लिहिला गेला. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी आरंभिलेल्या लिनक्सचा गाभाही प्रामुख्याने सी भाषेतच आहे. परके घर म्हणून ज्याची धास्ती घ्यावी, ते त्या भाषेचे माहेर निघाले. परके होते ते ‘कोनिओ.एच’, आणि ते विद्यार्थ्याने सोबत आणलेल्या सामानातले होते.

याहून बोलके उदाहरण अंकगणितातले आहे. क्रमगुणिताचा प्रोग्राम प्रत्येक विद्यार्थी लिहितो. टर्बो सी++मध्ये ‘इंट’ या जातीच्या संख्येस दोन बाइट मिळतात आणि तिची कमाल मर्यादा ३२,७६७ असते. ८ चे क्रमगुणित ४०,३२० आहे, ते या मर्यादेत मावत नाही, आणि पडद्यावर उणे २५,२१६ असे उत्तर येते. हाच प्रोग्राम आजच्या नेहमीच्या लिनक्स यंत्रावर ४०,३२० असे बरोबर उत्तर देतो, कारण तेथे ‘इंट’ चार बाइटांची असते. मात्र १३ च्या क्रमगुणिताशी तीही कोलमडते. चौकस विद्यार्थ्याच्या हाती येथे केवढे घबाड लागते! संख्या यंत्रात कशी साठविली जाते, भाषा कशाची हमी देते आणि कशाची देत नाही, हे या एका तुलनेत उलगडते. पण ‘इंट म्हणजे दोन बाइट’ हे ज्याने व्याख्येसारखे पाठ केले, त्याला या ठिकाणी ज्ञानाची संधी दिसत नाही. त्याला ‘दोन साधनांची भिन्न उत्तरे’ दिसतात आणि तो ओळखीच्या साधनावर विश्वास ठेवतो, मग त्याचे उत्तर उणे का असेना!

अडखळण्याची इतर स्थळे झटपट सांगता येतील. लिनक्समध्ये फाइलीच्या नावातील लहान व मोठी रोमन अक्षरे भिन्न मानली जातात. ज्याच्या लिपीत हा भेदच नाही अशा देवनागरीच्या वाचकास तो अधिकच कृत्रिम वाटतो. डॉसमधून मोठ्या अक्षरांतले ‘.सी’ असे शेपूट घेऊन आलेली फाइल जीसीसी चक्क सी++ची समजतो. तयार झालेला प्रोग्राम चालविण्यापूर्वी त्याच्या नावामागे टिंब व तिरपी रेघ द्यावी लागते, कारण लिनक्स चालू कप्प्यात आपण होऊन शोध घेत नाही. या प्रत्येक गोष्टीस कारण आहे, आणि ते समजून घेण्यास काही मिनिटे पुरतात. न समजता मात्र त्या जन्मभर छळतात.

मुरुडचा उल्लेख वर केवळ भूगोलापुरता केलेला नाही. महर्षी धोंडो केशव कर्वे (१८५८–१९६२) याच गावात वाढले. त्यांचे ‘आत्मवृत्त’ १९१५ साली प्रसिद्ध झाले. परीक्षेसाठी त्यांनी सोबत्यांसह मुरुडाहून साताऱ्यापर्यंत शंभर मैलांहून अधिक वाट तुडविली आणि तेथे पोचल्यावर वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेस बसू दिले गेले नाही, हा प्रसंग महाराष्ट्रास परिचित आहे. कर्व्यांच्या चिकाटीचा दाखला म्हणून तो नेहमी सांगितला जातो. आपल्या विषयाच्या दृष्टीने मला त्याची दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. परीक्षा घेणाऱ्यांनी चेहरा पाहिला, येणारे गणित पाहिले नाही. परक्या प्रणालीचा चेहरा पाहून निकाल देणारा प्रोग्रामर त्या परीक्षकांच्याच पंक्तीस बसतो. कर्व्यांचे प्राथमिक शिक्षण मराठीतून झाले, पुढचे इंग्रजीतून. १८८४ मध्ये ते एल्फिन्स्टन महाविद्यालयातून गणित घेऊन पदवीधर झाले आणि १८९१ पासून फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी गणित शिकविले. मराठी शाळेत शिकलेले त्रैराशिक इंग्रजी वर्गात जाताना मागे टाकावे लागत नाही, कारण ते माध्यमात नसतेच. प्रोग्रामरच्या बाबतीत नेमके हेच घडत नाही. त्याने शिकलेल्या गोष्टींपैकी कोणती भाषेची, कोणती साधनाची आणि कोणती प्रणालीची, ही वाटणी त्याला कोणी करून दिलेली नसते.

मानसशास्त्रात हा प्रश्न जुना आहे. एका कामातील अभ्यास दुसऱ्या कामास कितपत उपयोगी पडतो याविषयी थॉर्नडाइक व वुडवर्थ यांनी १९०१ मध्ये आपले प्रयोग प्रसिद्ध केले. दोन कामांत जेवढे घटक समान, तेवढाच अभ्यास संक्रमित होतो, असा त्यांचा आशय होता. टर्बो सी++ व जीसीसी यांत समान घटक विपुल आहेत. पण समानता ओळखण्यासाठी ती घटकरूपाने वेगळी दिसावी लागते, आणि निळ्या पडद्याने सगळे घटक एकत्र शिवून टाकलेले असतात. मराठी टंकलेखकांचा अनुभवही असाच आहे. टाइपरायटरच्या कळपाटावर हात बसलेल्यास १९९१ च्या भारतीय मानकातील इन्स्क्रिप्ट कळपाट कितीही तर्कशुद्ध असला तरी नकोसा होई. तेथे निदान सवय बोटांची होती. येथे ती विचाराची आहे.

याचा अर्थ सर्व दोष विद्यार्थ्याच्या पदरी घालावा असा नाही. लिनक्सचे काही कैवारी ज्या तुच्छतेने नवख्याशी बोलतात, तिने वृत्ती बदलत नाही, घट्ट होते. साधन सोबत नेल्याने प्रश्न सुटतो हेही खरे नाही. बोर्लंडने स्वतःच २००१ मध्ये डेल्फीचे साधन ‘कायलिक्स’ या नावाने लिनक्सवर आणले. त्याची चौकट वाइन या विंडोजसदृश थरावर उभी होती. विंडोजच्या प्रोग्रामरास आपले घर जसेच्या तसे मिळेल अशी योजना होती, पण त्याला लिनक्स तर अनोळखीच राहिले. उलट लिनक्सच्या जुन्या रहिवाशांजवळ मोफत साधने होती आणि हे पाहुण्याचे फर्निचर त्यांना नको होते. २००२ च्या तिसऱ्या आवृत्तीनंतर तो प्रयत्न खुंटला. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल स्टुडिओ कोड तिन्ही प्रमुख प्रणालींवर दिला आणि तो लोकप्रिय झाला. तथापि त्यात कंपायलर सोबत येत नाही, तो ज्या त्या प्रणालीवरचा घ्यावा लागतो. चौकट समान व अंतरंग स्थानिक, ही वाटणी त्या साधनाने उघड केली. त्याच्या यशात या गोष्टीचा वाटा मोठा आहे असे माझे मत आहे.

मुंबईच्या आयआयटीमध्ये प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखाली चाललेला ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प या संदर्भात उल्लेखनीय आहे. लिनक्स, सी, सी++ इत्यादी विषयांचे सुमारे दहा-दहा मिनिटांचे दृक्‌श्राव्य पाठ त्यात आहेत आणि त्यांतील अनेकांना मराठी निवेदन आहे. पाठ पाहता पाहता शेजारी तीच कृती करावयाची, अशी पद्धत आहे. जेथे शिक्षक दुर्लभ तेथे ही मोठी सोय होय, आणि इंग्रजी निवेदनाची भीती ती दूर करते हा लाभ लहान नाही. तरी एक शंका मनात राहते. कृतीमागून कृती करीत गेलेला विद्यार्थी निळ्या पडद्याऐवजी काळ्या पडद्याची सवय लावून घेईल, आणि तिसऱ्या प्रणालीपुढे पुन्हा तेथेच येऊन थांबेल. ‘येथे असे का करावे लागते’ हा प्रश्न पाठात जितका येईल तितका तो पाठ टिकाऊ.

अखेर गाठ पडते ती प्रात्यक्षिक परीक्षेशी. ज्या यंत्रावर परीक्षा, त्याच यंत्राचा अभ्यास हा विद्यार्थ्याचा हिशेब चुकीचा म्हणता येत नाही. परीक्षेचे केंद्र साताऱ्यास असेल तर साताऱ्यासच चालत जावे लागते. म्हणून बदल करावयाचा तो तेथे करावा. एकच छोटा प्रोग्राम घ्यावा, क्रमगुणिताचाही चालेल. तो विद्यार्थ्याकडून दोन भिन्न प्रणालींवर चालवून घ्यावा आणि जेथे उत्तर किंवा वर्तन निराळे झाले तेथे त्याचे कारण भाषेत आहे, कंपायलरात आहे की प्रणालीत, हे त्याला लिहावयास सांगावे. गुण द्यावयाचे ते या कारणास. अशा प्रश्नास दुसरे यंत्रही लागत नाही, एकाच संगणकावर दोन्ही प्रणाली बसविता येतात.